वाचनालयाच्या सर्व्हरचा रूट पासवर्ड चालत नाही, दिवाळी अंकांची देवघेव अडली आहे

देवघेव_परळ | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार. मी परळमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमची देवघेव कोहा या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर चालते. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीत कपाटाशेजारी ठेवलेला साधा डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आहे. सहा-सात वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीनं तो बसवून दिला. कंपनी पुढे बंद झाली, बसवणारा मुलगा कुठे असतो ते कुणालाच माहीत नाही.

गेल्या आठवड्यात इंटरनेटची जोडणी बदलली. नवा राउटर लागला आणि काउंटरवरच्या दोन्ही संगणकांवर कोहाचं पान उघडेनासं झालं. जोडणी द्यायला आलेल्या मुलानं सांगितलं की सर्व्हरचा आयपी जुन्या राउटरच्या हिशेबानं १९२.१६८.१.१० असा पक्का बसवलाय आणि नवा राउटर १९२.१६८.२९ ने सुरू होणारे पत्ते देतो. सर्व्हरचा पत्ता बदलायचा तर रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड हवा.

दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानाला एक चिठ्ठी टाचलेली आहे, तिच्यावर पासवर्ड लिहिलाय. त्या मुलानं आपल्या लॅपटॉपला जुन्यासारखा पत्ता देऊन पुटी या लांबून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधून रूट म्हणून तो टाकून बघितला, तर ॲक्सेस डिनाइड. आमचा ‘ग्रंथालय’ नावाचा साधा युजर आहे, त्याचा पासवर्ड चालतो. पण त्यातून सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवायची सोय) केल्यावर ‘हा युजर सुडोअर्स फाइलमध्ये नाही, ही घटना कळवली जाईल’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला. कुणाला कळवली जाईल? यात काही कायदेशीर भानगड तर नाही ना?

सध्या दिवाळी अंकांचे दिवस आहेत. संध्याकाळी सभासदांची रांग जिन्यापर्यंत जाते आणि आम्ही सगळं वहीत हातानं लिहितोय. जवळचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, दोन तासांचं काम आहे. चाळीस हजारांवर पुस्तकांच्या नोंदी आहेत, बॅकअप कुठे आहे ते मला ठाऊक नाही. असलेला पासवर्ड शोधून काढायचा काही उपाय आहे का?

एक विनंती. संगणकासमोर आमच्याकडे अभ्यासिकेत येणारा कॉलेजचा मुलगा बसेल आणि मी फोनवर बघून त्याला वाचून दाखवेन. त्यामुळे कमांड बोलल्यासारख्या लिहिल्यात तर बरं होईल.

—

हार्डडिस्क_ग्रँटरोड | मंगळवार, रात्री ९:३५

मशीन रीबूट करा, ग्रबमध्ये (चालू होताना येणारा बूट मेनू) ई दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिट बरोबर स्लॅश बिन स्लॅश बॅश टाका, एफ१० दाबा, पासवर्ड बदला. पाच मिनिटांत होतं.

—

मुलुंडचा_युनिक्सवाला | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, सर्वात आधी त्या दुकानदाराला नाही म्हणून सांगा. फॉरमॅट मारणं म्हणजे कुलपाची किल्ली हरवली म्हणून घर पाडणं. चाळीस हजार नोंदी कुणीतरी वर्षानुवर्षं बसून टाइप केल्या आहेत, लेखकांची नावं, दाखल क्रमांक, वर्गांक. पासवर्ड नाही म्हणून त्यातली एकही नोंद जायचं कारण नाही. मी नव्वदच्या दशकात फोर्टातल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात युनिक्स सांभाळायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. रूटचा पासवर्ड हरवणं हा या धंद्यातला सगळ्यात नेहमीचा आजार आहे आणि त्यानं डेटा मरत नाही. डेटा मरतो तो घाईघाईनं केलेल्या उपायांनी.

हार्डडिस्क यांनी सांगितलेली वाट बरोबर आहे, पण ती शेवटची पायरी आहे. तिच्याआधी बरंच काही बघायचंय.

पहिली गोष्ट, तुमची देवघेव सुरू करायला रूट पासवर्डची गरजच नाही. सर्व्हरचा पत्ता बदलता येत नाही ना, मग राउटरचा बदला. नव्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपी असा भाग असतो. राउटरचा स्वतःचा पत्ता जुन्या राउटरचा होता तोच द्यायचा. तो कोणता होता हे सर्व्हरच सांगेल. ‘ग्रंथालय’ म्हणून लॉगिन करून आयपी, स्पेस, राउट असं टाइप करा. ‘डिफॉल्ट व्हाया’ असं लिहिलेल्या ओळीत पुढे जो पत्ता येईल तो जुना राउटर. बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. डीएचसीपीला वाटायला १०० पासून २०० पर्यंतचे पत्ते द्या, म्हणजे सर्व्हरच्या १० ला कुणी धक्का लावणार नाही. राउटर रीस्टार्ट होईल, मग काउंटरचे संगणक एकदा बंद करून चालू करा. उद्या संध्याकाळच्या रांगेआधी हे होण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, चिठ्ठीवरचा पासवर्ड चुकीचा आहे हे अजून ठरलेलं नाही. तो पुटीतून रूट म्हणून टाकला गेला. डेबियनमध्ये एसएसएचवरून, म्हणजे पुटी वापरते त्या लांबच्या लॉगिनमधून, रूटला पासवर्डनं आत घेतच नाहीत, मुळात सेटिंगच तसं असतं. ओपनएसएसएचनं २०१५ पासून हा नेम केलाय. म्हणजे पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी उत्तर ॲक्सेस डिनाइड हेच येणार. म्हणून सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड लावा, ‘ग्रंथालय’ म्हणून लॉगिन करा आणि मग एसयू, स्पेस, डॅश (रूट व्हायची कमांड) असं देऊन चिठ्ठीवरचा पासवर्ड टाका. ही खरी परीक्षा.

टाकण्याआधी चिठ्ठी नीट वाचा. हाताच्या अक्षरात शून्य आणि ओ, एक आणि एल, पाच आणि एस यांचा घोळ फार होतो. शिवाय वाचनालयाचं मशीन आहे, मराठी टायपिंगसाठी कीबोर्डचा लेआउट कधी बदललेला असू शकतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे भलतंच अक्षर पडतंय हे कळत नाही. ते तपासायला नॅनो हा साधा एडिटर उघडा, त्यात पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी बघा आणि सेव्ह न करता बाहेर पडा. काही जण युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून बघतात, ते करू नका. चुकलेलं युजरनेम लॉगमध्ये जाऊन बसण्याचा संभव असतो, म्हणजे तुमचा पासवर्ड उघड्यावर.

तिसरी गोष्ट, रीबूट करायच्या आधी सर्व्हरवर कुठे रूट म्हणून उघडं राहिलेलं सत्र आहे का बघा. मॉनिटर लावल्यावर आल्ट आणि एफ१ पासून एफ६ पर्यंत एकेक करून दाबत जा. कुणी वर्षापूर्वी लॉगिन करून तसंच सोडून गेलेलं असू शकतं. हॅशचं चिन्ह शेवटी असलेला प्रॉम्प्ट दिसला तर नुसतं पासडब्ल्यूडी टाइप करायचं. जुना पासवर्ड न विचारता नवा मागतो. आम्ही बँकेत असे प्रसंग पाहिलेत, आणि मशीन रीबूट करून ती एकमेव उघडी खिडकी बंद करणारे लोकही पाहिलेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, असलेला पासवर्ड शोधून काढायचा. तो मशीनमध्ये नाहीच. युनिक्स पासवर्ड साठवत नाही, त्याच्यावर गणित करून जो हॅश निघतो तेवढा ईटीसी शॅडो या फाइलीत ठेवतो. हॅशवरून पासवर्डाकडे परतीची वाट नाही. एकच मार्ग, अंदाज बांधायचा, त्याचा हॅश काढायचा, जुळतो का बघायचं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या पासवर्डांवर लेख लिहिला, त्यात हे सगळं मांडलंय. हा हिशेब मुद्दाम सावकाश का करायचा आणि प्रत्येक पासवर्डात १२ बिटांचं वेगळं मीठ (सॉल्ट, म्हणजे कसेही निवडलेले जादा आकडे) का मिसळायचं, तेही. त्याच थॉम्प्सनचा स्वतःचा पासवर्ड जुन्या बीएसडी युनिक्सच्या फाइलीत हॅशच्या रूपात पडून होता. तो २०१९ मध्ये एकानं फोडला. निघाली बुद्धिबळातली वजिरापुढच्या प्याद्याची पहिली चाल, जुन्या पद्धतीनं लिहिलेली. अवघ्या आठ अक्षरांचा पासवर्ड, दुबळी जुनी पद्धत, तरी दमदार ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून जास्त लागले. तुमच्या वयाच्या डेबियनमध्ये एसएचए-५१२ असेल, एका अंदाजाला पाच हजार फेऱ्या. त्या नादी लागायचं नाही. पासवर्ड शोधत नसतात, बदलतात.

आणि बदलता येतो, कारण ज्याच्या हातात प्रत्यक्ष मशीन आहे त्याला युनिक्स मालक मानतं. युनिक्सची भावंडं बघा. सोलारिसला सीडीवरून बूट करून आतली डिस्क माउंट करायची आणि शॅडो फाइलीतला हॅश पुसायचा. एआयएक्सला मेंटेनन्स मोड. आमच्या बँकेत एससीओ होतं, त्यात पासवर्डची नोंद शॅडोखेरीज टीसीबी नावाच्या वेगळ्या फाइलींतही असायची, नुसती शॅडो सुधारून भागायचं नाही. प्रत्येकाचं दार वेगळ्या बाजूला, पण दार सगळ्यांना.

म्हणूनच माझी एक अट आहे आणि ती मी कुणालाही सोडत नाही. कार्यवाहांचं सहीशिक्क्याचं पत्र घ्या, जमलं तर कार्यकारी मंडळाचा ठराव, की सर्व्हर वाचनालयाच्या मालकीचा आहे आणि ग्रंथपालांना त्याचा पासवर्ड बदलायला परवानगी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं ४३ वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तुमच्याकडे परवानगी लेखी असली की तो विषय संपला. सुडोच्या त्या संदेशाला घाबरू नका. ती घटना त्याच मशीनच्या लॉगमध्ये लिहिली जाते आणि त्याच मशीनवरच्या रूटच्या टपालपेटीत जाते. बाहेर कुणालाही कळत नाही.

आता चार गोष्टी तपासून सांगा. एसयू डॅशला काय उत्तर येतं. कॅट, स्पेस, स्लॅश ईटीसी स्लॅश ओएस डॅश रिलीज, यानं डेबियन कितवं आहे ते कळेल. एलएसबीएलके या कमांडच्या तक्त्यात कुठे क्रिप्ट असा शब्द दिसतो का. आणि मशीन चालू होताना कधी डिस्कसाठी पासफ्रेज मागतं का. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पुढची वाट बंद होते, आणि ती बंद असणंच योग्य असतं. तुमच्याकडे तसं असेल असं वाटत नाही.

—

देवघेव_परळ | बुधवार, सायंकाळी ७:४५

तुमचे फार फार आभार. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ केला आणि दुपारी कोहा दोन्ही काउंटरवर उघडलं. आजची सगळी देवघेव संगणकावर झाली. वहीतल्या नोंदी आता हळूहळू भरून घेऊ.

मागच्या खोलीत मॉनिटर नेऊन लावला. एसयू डॅशवर चिठ्ठीतला पासवर्ड दिला, ऑथेंटिकेशन फेल्युअर आलं. नॅनोमध्ये टाइप करून बघितला होता, अक्षरं चिठ्ठीप्रमाणेच पडत होती. शून्याच्या जागी ओ घालूनही बघितलं. एफ१ ते एफ६ मध्ये कुठे उघडं सत्र नव्हतं. डेबियन १० बस्टर आहे. क्रिप्ट शब्द नाही, एसडीए१ आणि एसडीए५ अशी नावं आहेत, एसडीए१ पुढे नुसती तिरकी रेघ आणि एसडीए५ पुढे स्वॅप लिहिलंय. चालू होताना काही विचारत नाही.

कार्यवाहांनी पत्र दिलं. सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी करायचं ठरवलंय.

—

पवईकर | बुधवार, रात्री ८:२०

ताईंचं डेबियन आहे म्हणून ठीक. पण हा धागा वाचून कुणी सेंटओएस (दुसरं एक लिनक्स) ७ किंवा ८ वर हेच करायला जाईल, त्यांच्यासाठी लिहितो. तिथे कर्नलच्या ओळीत आरडी डॉट ब्रेक टाकतात, मग खरी डिस्क स्लॅश सिसरूटखाली सापडते. ती लिहिता येईल अशी रीमाउंट करायची, सीएचरूट करून आत जायचं आणि मग पासडब्ल्यूडी. निघण्याआधी टच, स्पेस, स्लॅश डॉट ऑटोरीलेबल हे विसरायचं नाही. विसरलात तर शॅडो फाइलीचं एसईलिनक्सचं (तिथल्या सुरक्षाव्यवस्थेचं) लेबल बिघडलेलं राहतं आणि नवा पासवर्ड अचूक टाकूनही लॉगिन होत नाही. रीलेबलला मोठ्या डिस्कवर बराच वेळ लागतो, मध्ये मशीन बंद करू नका.

आणखी एक, ओळीत कन्सोल बरोबर टीटीवायएस० असं काही असेल तर ते काढा, नाहीतर शेल सिरियल पोर्टवर उघडतं आणि तुमच्यासमोर पडदा कोराच राहतो.

—

मुलुंडचा_युनिक्सवाला | गुरुवार, सकाळी ७:३०

पवईकरांनी लिहिलेलं सोन्यासारखं आहे, ऑटोरीलेबल विसरल्यामुळे डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

ताई, तुमचं चित्र स्वच्छ आहे. एकच डिस्क, एकच मोठा भाग, एन्क्रिप्शन नाही. सोमवारसाठी लिहितो. मीच आलो असतो, पण गुडघ्यांना आता परळचे जिने झेपत नाहीत.

मशीन बंद करण्यापासून सुरुवात. रूट नसताना बंद कसं करायचं, तर प्लग ओढून नाही आणि बटण दाबून धरूनही नाही. पॉवरचं बटण एकदाच दाबून सोडा. डेबियन ती सूचना घेतं, मारियाडीबी हा डेटाबेस व्यवस्थित मिटवतं आणि स्वतः बंद होतं. मिनिटभर लागलं तर लागू द्या. तुमच्या सगळ्या नोंदी मारियाडीबीत आहेत, तिला अर्ध्यातून तोडायचं नाही.

मग बॅकअप. दोन पेनड्राइव्ह लागतील, एकावर डेबियनचं लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणारं डेबियन) करून घ्या, दुसरा रिकामा. लाइव्हवरून बूट केलं की तिथल्या युजरला सुडो पासवर्डशिवाय मिळतो. डिस्क फक्त वाचण्यासाठी माउंट करा: सुडो माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, आरओ, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए१, स्पेस, स्लॅश एमएनटी. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर नावं कधी उलटीपालटी होतात, म्हणून आधी एलएसबीएलके बघून डिस्कच्या आकारावरून तुमची कोणती ते ठरवा.

आता एमएनटीच्या आत व्हार, स्पूल, कोहा असं जा. कोहा रोज आपला बॅकअप तिथे ठेवत असतं, तुमच्या कंपनीनं ते बंद केलं नसेल तर. फाइलीच्या नावातच तारीख असते आणि शेवटी एसक्यूएल डॉट जीझेड. ताज्यात ताजी फाइल कालच्या तारखेची आहे ना ते बघा. मग जीझिप, स्पेस, डॅश टी आणि फाइलीचं नाव. काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर फाइल धड आहे. ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तिच्याबरोबर व्हार, लिब, मायएसक्यूएल हे अख्खं फोल्डर आणि ईटीसी फोल्डर टार करून (एका फाइलीत बांधून) घ्या. नुसतं कॉपी केलंत तर पेनड्राइव्हवर फाइलींचे मालक आणि परवानग्या टिकत नाहीत, टारच्या पोटात टिकतात. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही हे ध्यानात असू द्या.

हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. यानंतर काहीही बिघडलं तरी वाचनालय शाबूत आहे.

पासवर्डाचं काम त्या मानानं किरकोळ. पेनड्राइव्ह काढून मशीन चालू करा. ग्रबचा निळा पडदा पाचेक सेकंद थांबतो, पहिल्या ओळीवर असतानाच इंग्रजी ई दाबा. कीबोर्ड वायरचा असू द्या, वायरलेस कधी कधी या पायरीवर जागा होत नाही. जी मजकुराची खिडकी उघडेल तिच्यात लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. लांब असते, पडद्यावर मोडून खाली येते. तिच्या शेवटाकडे आरओ आणि क्वाएट असे दोन शब्द असतील. आरओच्या जागी आरडब्ल्यू करा. क्वाएट पुसून तिथे इनिट, बरोबरचं चिन्ह, स्लॅश, बिन, स्लॅश, बॅश, मध्ये कुठेही स्पेस नाही. कंट्रोल एक्स दाबा. हा बदल फक्त या एका वेळेपुरता असतो, डिस्कवर कुठेही लिहिला जात नाही, त्यामुळे चुकलं तर पुन्हा चालू करून पुन्हा करा.

बरीच अक्षरं धावतील आणि शेवटी रूट ॲट नन असं काहीतरी असलेला प्रॉम्प्ट येईल. आता पासडब्ल्यूडी. नवा पासवर्ड दोनदा. इथे कीबोर्डचा लेआउट साधा अमेरिकन असतो, म्हणून आत्तापुरता नुसती अक्षरं आणि आकडे असलेला लांब पासवर्ड घ्या, चिन्हं नकोत. मग सिंक टाइप करून एंटर. आणि शेवटी रीबूट, स्पेस, डॅश एफ.

एक्झिट टाइप करायचं नाही, हे त्या मुलाला दोनदा सांगा. त्या घडीला बॅश हाच मशीनचा पहिला प्रोसेस असतो, तो मेला की कर्नल पॅनिक. नुसतं रीबूटही चालत नाही, कारण ते ऐकायला सिस्टमडी (एरवी मशीनमधलं सगळं सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) जागंच नसतं, म्हणून डॅश एफ.

कोहाचे कर्मचाऱ्यांचे पासवर्ड यानं बदलत नाहीत, ते डेटाबेसमध्ये असतात. डेटाबेसचा पासवर्ड कोहाच्या कॉन्फ फाइलीत वेगळा. रूट झाल्यावर कोहा डॅश पासडब्ल्यूडी आणि तुमच्या इन्स्टन्सचं नाव दिलं की तो दिसतो, तोही लिहून ठेवा.

—

देवघेव_परळ | सोमवार, सकाळी ११:५०

बॅकअप झाला, कालच्या तारखेची फाइल होती आणि जीझिप काही बोललं नाही. आता प्रॉम्प्टसमोर बसलोय. पासवर्ड दोनदा दिल्यावर ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ आणि ‘पासवर्ड अनचेंज्ड’ असं आलं. मशीन तसंच चालू ठेवलंय.

—

मुलुंडचा_युनिक्सवाला | सोमवार, सकाळी ११:५८

काही बिघडलेलं नाही. ग्रबमध्ये आरओचं आरडब्ल्यू करायचं राहून गेलं असणार. डिस्क फक्त वाचण्यासाठी माउंट झाली आहे, त्यामुळे शॅडो फाइलीत लिहिता येत नाही, एवढाच त्या लांबलचक वाक्याचा अर्थ. मशीन बंद न करता हे टाइप करा: माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, स्पेस, स्लॅश. स्वल्पविरामाच्या आजूबाजूला स्पेस नाही. मग पुन्हा पासडब्ल्यूडी.

—

देवघेव_परळ | सोमवार, दुपारी १२:४०

झालं! ‘पासवर्ड अपडेटेड सक्सेसफुली’. सिंक, रीबूट डॅश एफ, आणि मशीन नेहमीसारखं वर आलं. काउंटरवर कोहा उघडून दोन-तीन पुस्तकांच्या नोंदी तपासल्या, सगळं जागच्या जागी आहे. मुलानं टाळ्या वाजवल्या.

रूट म्हणून आत जाऊन ‘ग्रंथालय’ला सुडो देणार होतो, तर ॲडयूजर कमांडच सापडत नाही असं म्हणतंय.

—

मुलुंडचा_युनिक्सवाला | सोमवार, दुपारी १२:५५

फार आनंद झाला ताई.

तुम्ही नुसतं एसयू केलं असणार. डेबियन १० पासून नुसत्या एसयूनं रूटचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) मिळत नाही, त्यामुळे एसबिनमधल्या कमांड दिसत नाहीत. एसयू, स्पेस, डॅश करा. मग ॲडयूजर, स्पेस, ग्रंथालय, स्पेस, सुडो. ‘ग्रंथालय’ला एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागेल, तेव्हा ते लागू होतं.

रूट आहातच तर आणखी दोन ठिकाणी बघून घ्या. ईटीसी पासडब्ल्यूडी फाइल उघडा. प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी पाडलेले कप्पे असतात, तिसऱ्या कप्प्यात शून्य फक्त रूटच्या ओळीत असायला हवा. दुसऱ्या कुणाच्या ओळीत शून्य असेल तर तो दुसऱ्या नावानं रूटच आहे. आणि स्लॅश रूट स्लॅश डॉट एसएसएच या फोल्डरात ऑथराइज्ड कीज नावाची फाइल आहे का बघा, तिच्यात नोंदलेल्या किल्लीनं पासवर्डाशिवाय रूट म्हणून आत येता येतं.

—

देवघेव_परळ | सोमवार, दुपारी १:३०

सुडो मिळाला. ऑथराइज्ड कीज नाही. पण पासडब्ल्यूडी फाइलीत शेवटच्या ओळीत ‘सपोर्ट’ नावाचा युजर आहे आणि त्याच्या तिसऱ्या कप्प्यात शून्य आहे! यूजरडेल करून बघितलं तर ‘सपोर्ट हा युजर प्रोसेस १ वापरत आहे’ असं सांगून नाकारलं.

—

मुलुंडचा_युनिक्सवाला | सोमवार, दुपारी १:५०

नाकारलं ते चांगलंच झालं. यूजरडेल क्रमांकावरून माणूस ओळखतं, आणि शून्य क्रमांकाचा माणूस मशीनच्या पहिल्या प्रोसेसपासून सगळं चालवत असतो, म्हणून ते म्हणतं की हा वापरात आहे. डॅश एफ देऊन जबरदस्ती अजिबात करू नका.

कंपन्या सोयीसाठी असं खातं ठेवायच्या. वाईट हेतूच असेल असं नाही, पण त्याचा पासवर्ड आज कुणाकुणाकडे आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, म्हणून ते जायलाच हवं. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. आधी ईटीसीमधल्या क्रॉनटॅब फाइलीत आणि क्रॉन डॉट डी फोल्डरात ‘सपोर्ट’ हे नाव कुठे येतंय का बघा. व्हार, स्पूल, क्रॉन, क्रॉनटॅब्स इथेही बघा. नसेल तर व्हीआयपीडब्ल्यू ही कमांड द्या. पासडब्ल्यूडी फाइल कुलूप लावून उघडते. फक्त ‘सपोर्ट’ची ओळ पुसा, सेव्ह करा. मग व्हीआयपीडब्ल्यू, स्पेस, डॅश एस, आणि शॅडोमधलीही त्याच नावाची ओळ पुसा. रूटच्या ओळीला हात लागणार नाही याची काळजी घ्या. काम संपेपर्यंत दुसऱ्या टर्मिनलवर, आल्ट एफ२, रूटचं एक सत्र उघडं ठेवा. शेवटी पीडब्ल्यूसीके, स्पेस, डॅश आर दिलं की दोन्ही फाइलींत मेळ आहे का ते तपासून सांगतं. डेबियनच्या स्वतःच्या खात्यांची फोल्डरं नाहीत अशा काही ओळी येतील, त्या नेहमीच्या आहेत.

आता पक्का पासवर्ड ठेवून घ्या आणि सीलबंद पाकिटात कार्यवाहांच्या कपाटात ठेवा. पाकिटावर तारीख आणि तुम्हा दोघांच्या सह्या. पासवर्ड बदलला की पाकीट त्याच दिवशी बदलायचं. आणि डेबियन १० ची लांब मुदतीची देखभालसुद्धा जून २०२४ अखेर संपली आहे, तेव्हा दिवाळी अंकांची गर्दी ओसरली की अपग्रेड मनावर घ्या. आधी ११, मग १२, एकदम उडी नाही.

—

देवघेव_परळ | सोमवार, सायंकाळी ५:१५

क्रॉनमध्ये ते नाव कुठेच नव्हतं. दोन्ही ओळी काढल्या. पीडब्ल्यूसीकेनं तुम्ही म्हणालात तशा फोल्डरांच्या ओळी दाखवल्या, बाकी काही नाही. पाकीट कपाटात गेलं, पावती रजिस्टरमध्ये नोंदवली. बॅकअपचा पेनड्राइव्ह आता दर महिन्याला भरायचा, असं पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घेतलंय. अपग्रेडसाठी डिसेंबरात वेगळा धागा काढते. काका, तेव्हाही याल ना?

—

मुलुंडचा_युनिक्सवाला | सोमवार, सायंकाळी ५:४०

नक्की. धागा काढण्याआधी डीएफ, स्पेस, डॅश एच (डिस्कवर किती जागा उरली ते) चा आणि कोहाच्या आवृत्तीचा फोटो काढून ठेवा, तिथूनच सुरुवात करू.